उरलेले १४,००० नग गेले कुठे?

ताई, सप्रेम नमस्कार.
आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातून भाग बनवण्याचं, वर्कशॉप आहे. वडिलांनी १९९१ मध्ये भाड्याच्या गाळ्यात बटाल्याची एक लेथ टाकून सुरुवात केली. आज स्वतःची शेड आहे, संगणकावर चालणारी चार सीएनसी मशीन, मिलिंगचं एक व्हीएमसी आणि १४ माणसं आहेत. डिझेल इंजिनाच्या इंधन यंत्रणेला लागणारे छोटे नट आणि सीट आम्ही करतो. ७० टक्के काम एकाच कंपनीचं. तीन वर्षांपूर्वी तिचं महिन्याचं शेड्यूल ४०,००० नगांचं होतं, आता २६,००० वर आलंय. आमचं एकूण बिलिंग महिना ४१-४२ लाखांवरून ३० लाखांवर उतरलंय. पेमेंट ९५ दिवसांनी येतं, तेही आता सवयीचं झालंय. मधल्या काळात दोन लॉट परत आले, पण ते निस्तरलं.
धाकटा भाऊ म्हणतो, डिझेल संपलं. ओझरला तेजस बनायला लागलं, आपण १ कोटी ४० लाखांचं फाइव्ह-ॲक्सिस मशीन घेऊन विमानाच्या कामात शिरू. वडील म्हणतात, आम्ही २००९ ची मंदी पण बघितलीय, गप्प बसा, काम परत येईल. मेहुणे म्हणतात, शेड विका आणि सिंहस्थाच्या आत त्र्यंबक रोडला लॉज बांधा. खंडेनवमीला मशिनच्या पूजेच्या वेळीच वडिलांचं आणि भावाचं वाजलं, कारण त्याने जुनी लेथ भंगारात काढायचा विषय काढला. बँक कर्ज द्यायला तयार आहे. दिशा बदलावी की आहे तीच धरून राहावं?
एक वाचक, वय ४१, अंबड

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ही बँकेतली सवय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या स्टॉक स्टेटमेंटवर मी बावीस वर्षं अशाच रेघा मारल्या. तुमच्या पत्रात दोन ठिकाणी रेघ पडली, आणि ती दोन्ही ठिकाणं तुम्ही घाईघाईने ओलांडली आहेत. एक, "पेमेंट ९५ दिवसांनी येतं, तेही आता सवयीचं झालंय." दुसरं, "दोन लॉट परत आले, पण ते निस्तरलं." विमान, लॉज, वडील, लेथ, खंडेनवमी यांना अख्खा परिच्छेद मिळाला आणि या दोघांना मिळून दीड ओळ.

दिशेचं नंतर बघू. आधी मला सांगा, ४०,००० चे २६,००० झाले, तेव्हा मधले १४,००० नग गेले कुठे?

तुमचा भाऊ म्हणतो डिझेल संपलं, म्हणजे त्या गाड्याच बनेनाशा झाल्या. असेलही. पण डिझेल कशाचं? कारचं, ट्रकचं, ट्रॅक्टरचं की जनरेटरचं? तुमचा नट नेमका कोणत्या इंजिनात बसतो हे पत्रात नाही, आणि मला दाट शंका आहे की ते तुम्हालाही नक्की माहीत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. अंबडमधल्या निम्म्या शेडमध्ये हीच गत आहे. ड्रॉइंग नंबर पाठ, रिव्हिजन पाठ, क्रेटमध्ये किती नग भरायचे ते पाठ. पण तो नग पुढे कुठे जातो हे कुणी विचारलेलं नसतं.

कारमध्ये जात असेल तर भावाचं म्हणणं खरं धरा. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या कारपैकी जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पेट्रोलशी असलेली तफावत कमी होत गेली आणि डिझेल कार घेण्यातली मजाच गेली. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक निकष, आले. छोटं डिझेल इंजिन त्यात बसवणं इतकं महाग पडायला लागलं की मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. आता पाच कारमागे एखादी डिझेलची. ती बाजारपेठ परत येणार नाही, वडिलांनी कितीही २००९ बघितलेलं असो. २००९ मध्ये मागणी झोपली होती, ती वर्षभरात उठून बसली. ही उठायची नाही.

पण लासलगावचा कांदा आणि पिंपळगावची द्राक्षं घेऊन निघणारे ट्रक अजून डिझेलवरच पळतात. ट्रॅक्टर, पोकलेन, बस, जनरेटर, सगळे डिझेलवर. तुमचा नट जर ट्रकच्या इंजिनात जात असेल, तर डिझेल संपल्याची बातमी तुमच्यापर्यंत यायला अजून बराच अवकाश आहे. आणि जुन्या यांत्रिक पंपाला लागणारा असेल, तर तो आता फक्त स्पेअर्सपुरता उरलाय. ते काम सावकाश आटतं, पण आटतंच. एकाच ड्रॉइंगची ही तीन वेगवेगळी भविष्यं, आणि तुम्ही दीड कोटीचा निर्णय यातलं कोणतं आपलं हे न विचारताच घ्यायला निघालात.

आता दुसरी शक्यता, जी तुमच्या घरात कुणीच बोललेलं दिसत नाही. गाड्या तेवढ्याच बनतायत, आणि ते १४,००० नग शेजारच्या शेडमध्ये गेलेत.

दोन लॉट परत आले म्हणालात. कशावरून आले? बर, म्हणजे कडेला धातूची कुसळ, राहिली होती, थ्रेडला गेज जात नव्हतं, की हार्डनिंगनंतर साइज हलली? "निस्तरलं" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दोन पोरं कंपनीच्या गेटवर पाठवली, त्यांनी दोन दिवस बसून चांगले-वाईट वेगळे केले, बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट आली, आपण ती गिळली. तुमच्या लेखी विषय संपला. कंपनीच्या लेखी तो तिथे सुरू होतो. लाइन थांबायची वेळ आली की त्यांची पहिली हालचाल म्हणजे त्याच ड्रॉइंगसाठी दुसरा व्हेंडर उभा करणं. त्याला आधी थोडे नग देतात, जमलं की वाढवतात. तुम्हाला कुणी पत्र पाठवून कळवत नाही. शेड्यूल फक्त बारीक होत जातं.

हे शोधायला सल्लागार नको. परचेसवाल्याला तर मुळीच विचारू नका, तो लगेच रेट कमी करायच्या गोष्टी काढेल. तुमचा टेम्पोवाला आठवड्यातून तीन-चारदा तिथे माल उतरवतो ना? रिसीव्हिंगला तुमच्या पार्ट नंबरचं स्टिकर लावलेले दुसऱ्या कुणाचे क्रेट उभे असतात का, हे त्याला आज संध्याकाळी विचारा. त्याला माहीत असतं. नंतर प्लॅनिंगला बसणाऱ्या माणसाची वेळ मागा आणि सरळ विचारा: हा पार्ट कोणत्या इंजिनाला जातो, आणि त्या इंजिनाचं पुढच्या दोन वर्षांचं नियोजन काय? आकडा सांगणार नाही, पण वर चाललंय की खाली एवढं चहा पिताना सांगतो. जाताना वडिलांना सोबत न्या. १९९१ पासूनचा माणूस समोर बसला की लोक जरा मोकळं बोलतात.

समजा उत्तर आलं की नग शेजारी गेलेत. मग दिशा बदलून काय होणार? तीच मशीन, तीच तपासणी, तीच सवय घेऊन तुम्ही विमानाच्या कामात जाल. तिथे प्रत्येक नगामागे कागद असतो. मटेरियल कोणत्या हीटचं (कारखान्यात वितळवलेल्या कोणत्या घाण्याचं), कुणी कापलं, कोणत्या मशिनवर केलं, कुणी मोजलं. पहिला नग झाला की ड्रॉइंगवरचं एकूण एक माप लिहून द्यावं लागतं. तिथे परत आलेला लॉट दोन पोरं पाठवून निस्तरत नाही.

भावाचं मन मी मोडत नाहीये. त्याने जे पाहिलं ते खरं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून नाशकात बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, आणि आपल्याकडच्या कारखानदारांच्या छात्या फुगल्या, माझीसुद्धा. हवाई दलाने आधी ८३ आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ऑर्डर दिलीय. काम आहे. पण नाशिकच्या त्या लाइनची सुरुवातीची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. हा आकडा भावाला भिंतीवर लिहून ठेवायला सांगा. तुम्ही महिन्याला २६,००० नगांवर जगणारी माणसं. सीएनसी एकदा सेट केलं की तीन दिवस तोच नग, हे तुमच्या पैशाचं गणित. तिकडे दहा नगांचा लॉट, मग सेटिंग मोडा, मग दुसरे बारा. रेट चांगला मिळतो यात वाद नाही, पण मशिनचे तास वेगळ्या तऱ्हेने भरतात. शिवाय तेजसची इंजिनं अमेरिकेतून उशिरा आली आणि विमानं ताब्यात द्यायचं वेळापत्रकच मागे गेलं. वरच्या मोठ्या कंपनीला हे झेपतं. खालच्या व्हेंडरचा हप्ता काही इंजिनाची वाट बघत थांबत नाही.

हप्त्याचंच बघू. १ कोटी ४० लाखांच्या मशिनला बँक साधारण २५ टक्के मार्जिन मागेल, म्हणजे ३५ लाख तुमचे. उरलेले १ कोटी ५ लाख सात वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास हप्ता. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज सकाळी शटर उघडताना ७,००० रुपये त्या एका मशिनच्या नावाने बाजूला काढायचे. ऑपरेटर, टूलिंग, वीज वेगळी. आणि हाताशी पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर? पत्रात एकाही पीओचा उल्लेख नाही.

"बँक तयार आहे" हे तुम्ही आधार म्हणून लिहिलंय. तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी मी या सदरात आजवर लिहिलेली नाही.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि पुढची काही वर्षं आपल्या जिल्ह्यात जो तो वाइनचंच बोलत होता. २००६ मध्ये दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार माझ्या टेबलासमोर बसले. सहा एकर थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, चालू बाग काढून वाइनची द्राक्षं लावायची होती. मी सगळं विचारलं. पाणी, ठिबक, खुंट, मांडव, एकरी खर्च. वायनरीचं खरेदीचं पत्र फाइलला होतं. मी शिफारस केली, कर्ज झालं. एकच प्रश्न विचारला नाही: यांनी माल घेतला नाही तर दुसरं कोण घेईल? २००८ मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या न विकलेल्या मालाने भरल्या आणि नवी द्राक्षं घ्यायला कुणी धजेना. वाइनची द्राक्षं खायला गोड असली तरी बारीक मण्याची आणि बियांची, ती घेऊन कुठल्या बाजारात बसणार? त्या काळात अनेकांनी बागा तोडल्या, त्यांनीही तोडली. मी पाहणीला गेले तेव्हा बांधावर वेलींचे बुंधे रचून ठेवले होते, सरपणासाठी. ते मला काही बोलले नाहीत, चहा दिला. कर्ज पुढे पुनर्रचित झालं, माझी बढतीही वेळेवर झाली. कर्ज देणाऱ्याचं एवढंच जातं.

तेव्हा बँक तयार आहे याचा अर्थ तुमची शेड तारण म्हणून चांगली आहे. बाकी काही नाही.

गंमत बघा, तीच वाइन आज नाशिकची ओळख आहे. म्हणजे ज्यांनी दिशा दाखवली ते चुकीचे नव्हते. माझ्या बागायतदाराचं चुकलं ते चालू बाग समूळ काढण्यात. एक एकर लावून पाच एकर थॉमसन ठेवली असती, तर ते वाईट वर्ष त्यांनी कुरकुरत काढलं असतं.

म्हणून वडिलांच्या बाजूने एक शब्द. काम परत येईल हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण ज्या कामाला ते चिकटून आहेत तेच तुमची पाच एकर थॉमसन आहे. महिन्याला २१ लाखांचं ठरलेलं बिल हातात असताना नवं काही करून बघता येतं. ते बंद पडल्यावर नवं करायला गेलात तर पहिला जो भेटेल त्याचा पहिला जो रेट असेल तो घ्यावा लागेल.

आता पेन्सिलीची पहिली रेघ, ९५ दिवस.

त्या एका कंपनीकडे तुमचे २१ लाखांच्या हिशेबाने ९५ दिवसांचे जवळपास ६६ लाख कायम अडकलेले. तेच ४५ दिवसांवर आले तर साडे-एकतीस लाख. फरक ३५ लाखांचा. म्हणजे मशिनसाठी बँक जेवढं मार्जिन मागणार, बरोबर तेवढे पैसे तुमचेच, दुसऱ्याच्या खात्यात पडून आहेत. त्यावर तुम्ही सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज भरताय, आणि पैसे हातात यायच्या आधीच पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटीही भरताय. तुम्ही याला सवय म्हणता!

एमएसएमई विकास कायदा २००६ चा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, करार नसेल तर १५. पीओवर ९० दिवस छापलेलं असलं तरी कायद्यापुढे ४५च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. मी तुम्हाला तक्रार करायला सांगत नाहीये. ७० टक्के काम देणाऱ्याविरुद्ध अर्ज करायचा सल्ला देणारा माणूस स्वतः कधी शेड चालवत नसतो. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद झालीय: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्चात धरता येते. त्यामुळे त्यांच्या फायनान्स खात्यालाच आता ४५ दिवसांचं गांभीर्य आहे. तुमची उद्यम नोंदणी कारखानदार म्हणून आहे ना, ते तपासा, तो नंबर प्रत्येक बिलावर छापा, आणि नोंदणीची प्रत फायनान्सला नव्याने पाठवा. भांडण नाही, नुसती प्रत.

दुसरं, ट्रेड्स, म्हणजे मान्य झालेल्या बिलांवर आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची केलेली आहे. तुम्हाला काम देणारी कंपनी त्यात बसत असणार. तिने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला काही दिवसांत पैसे मिळतात, आणि व्याजाचा दर तुमची नव्हे तर त्या कंपनीची पत बघून लागतो. पुढे कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या दारात येत नाही. ही चौकशी करायला एक दुपार पुरते. अंबडला आयमा आहे, सातपूरला निमा आहे, कारखानदारांच्या या संघटनांत हे केलेली माणसं भेटतील.

हे ३५ लाख मोकळे झाले की मग भावाशी बोला. मशीन नको, आधी माणूस आणि मोजमाप. एक चांगला क्वालिटीचा माणूस, नीट कॅलिब्रेट केलेली गेज, आणि एएस-९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राची तयारी. यात वर्ष सहज जातं. ज्यांना आधीच विमानाचं काम मिळालंय अशा मोठ्या व्हेंडरकडून, त्यांच्याच मटेरियलवर, तुमच्या आहे त्या सीएनसीवर बसेल असं टर्निंगचं जॉबवर्क मागा. दहा नग द्या म्हणावं. दहा नगांत भावाला कळेल की हे काम त्याला आवडतं की त्याला फक्त विमान आवडतं. फाइव्ह-ॲक्सिसचा विषय पीओ हातात आल्यावर.

आणि या सगळ्यात तुमच्या तिघांच्याही नजरेतून सुटलेलं एक दार आहे. इंधनाच्या कामात काही मायक्रॉनमध्ये, गळती न होणारा नट करणारा माणूस हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग करू शकतो. आपल्याकडे स्विचगिअरचं कामही भरपूर आहे, तिथे तांब्या-पितळेचं टर्निंग लागतं. धातू वेगळा, हात तोच. यात बातमी होण्यासारखं काही नाही आणि खंडेनवमीला मिरवण्यासारखंही नाही. पण त्या एका कंपनीचा वाटा आधीच ७० टक्क्यांवरून ५० वर आणला असता, तर तुम्ही मला हे पत्र लिहिलंच नसतं.

लॉजबद्दल फार लिहीत नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला. मेहुण्यांना स्वतःच्या पैशाने बांधायचं असेल तर माझ्या शुभेच्छा.

एक आकडा मात्र तुम्ही तिघांनी बसून आत्ताच ठरवा. कोणत्या शेड्यूलला पगार, वीज आणि हप्ते निघून हातात शून्य उरतं? समजा ते १८,००० नग निघालं. मग लिहून ठेवा: सलग तीन महिने १८,००० च्या खाली गेलं की त्या कंपनीसाठी राखलेली दोन मशीन दुसऱ्या कामाला लावायची, कुणाची परवानगी न विचारता. वडिलांची सही घ्या. आज ते शांतपणे करतील. प्रत्यक्ष तो महिना आला की त्यांना २००९ आठवेल आणि भावाला तेजस.

राहता राहिली बटाल्याची लेथ. तिला हात लावू नका. वडिलांच्या भावना वगैरे बाजूला ठेवा, मी हिशेबाचं बोलतेय. भंगारात तिचे असे किती येणार? आणि नव्या जॉबसाठी नग पकडून ठेवायला फिक्श्चर लागतील, मँड्रेल लागतील, सॉफ्ट जॉ मारावे लागतील. २६,००० चं शेड्यूल चालू असताना त्यासाठी सीएनसी कुणी मोकळं देणार नाही. भावाला ते त्या लेथवरच करावं लागेल, आणि तिचा स्लाइड कुठे ढिला आहे हे घरात एकाच माणसाला माहीत आहे.

टेम्पोवाला काय म्हणाला ते कळवा.